रोगप्रतिकार : वेळेवर आणि अवेळी

२०२० सालच्या मे महिन्यात, खानदेशातील ऊन ऐन भरात आलेले आणि टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडलेले असताना, जळगाव जिल्ह्यातील काही निवडक वस्त्यांत आरोग्यसेवकांची पथके घरोघर हिंडत होती. दहा वस्त्या, प्रत्येक वस्तीतील चाळीस घरे आणि प्रत्येक घरातील एक प्रौढ माणूस, अशा हिशेबाने सुमारे चारशे जणांचे रक्त त्यांस गोळा करावयाचे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ह्या पाहणीसाठी एकवीस राज्यांतील सत्तर जिल्हे निवडले होते. त्यांत महाराष्ट्रातील सहा होते, आणि बीड, परभणी, नांदेड, सांगली व तेव्हाचे अहमदनगर ह्यांच्या जोडीला जळगाव होते. पथके ज्यांच्या दारी गेली त्यांतील बहुतेकांस ना ताप होता ना खोकला. धडधाकट माणसाच्या दंडात सुई टोचून काय मिळवावयाचे आहे, असा प्रश्न त्या वेळी कोणासही पडावा असाच होता.

श्रोतेहो, त्या रक्तात विषाणू शोधावयाचा नव्हताच. तो येऊन गेला असल्यास त्याची मागे राहिलेली खूण शोधावयाची होती. आपले शरीर एखाद्या विषाणूशी झुंजते, तेव्हा त्या विषाणूच्या अंगावर नेमके जाऊन बसतील असे प्रथिनांचे सूक्ष्म कण ते घडविते. त्यांस प्रतिपिंडे म्हणतात. आजार संपला तरी ही प्रतिपिंडे काही महिने रक्तात आढळतात, आणि ज्यास आजार जाणवलाही नाही अशा माणसाच्या रक्तातही ती पुष्कळदा सापडतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ती ओळखण्याची चाचणी सिद्ध केली आणि तिला 'कोविड कवच' असे नाव मिळाले. पहिल्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी शंभरांत एकाहूनही कमी जणांच्या, नेमके सांगावयाचे तर ०.७३ टक्के लोकांच्या, रक्तात ही खूण असल्याचा अंदाज निघाला. त्याच सत्तर जिल्ह्यांत पथके पुनःपुन्हा गेली. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हे प्रमाण पंधरांत एक इतके झाले, वर्षअखेरीस पाचांत एकाच्या पुढे गेले, आणि दुसरी लाट ओसरल्यावर, लसीकरणही सुरू झालेले असताना, २०२१ च्या जून-जुलैत ते ६७.६ टक्क्यांवर पोहोचले. अवघ्या चौदा महिन्यांत तीनांतील दोन माणसांच्या रक्ताने ह्या नव्या शत्रूची ओळख करून घेतली होती.

'कवच' हा शब्द मोठा सुरेख खरा, परंतु त्याने लोकांच्या मनात थोडा घोटाळाही करून ठेवला. कवच म्हटले की आपल्यास कर्ण आठवतो. त्याचे कवच जन्मतःच अंगावर होते, आणि ते आहे तोवर त्यास मृत्यूचे भय नव्हते. प्रतिकारशक्तीविषयीही आपली कल्पना साधारण अशीच झाली. ती ज्याच्या अंगी अधिक तो सुरक्षित, ज्याच्या अंगी कमी तो दुर्दैवी. मग ती कोठारातील धान्यासारखी भरून ठेवावी, हे ओघानेच आले. त्या वर्षी घराघरांत काढे उकळले. गल्लोगल्ली साखरेच्या गोळ्यांच्या कुप्या वाटल्या गेल्या. साबणापासून बिस्किटांपर्यंत सर्व वस्तूंच्या वेष्टनांवर 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' असे शब्द झळकू लागले. काढ्याने घसा शेकला जातो आणि मनास धीर येतो, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कोरोनाने जे रुग्ण अत्यवस्थ झाले, त्यांतील पुष्कळांच्या शरीरात आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात प्रतिकाराचा तुटवडा नव्हता, अतिरेक होता. आणि ज्यांस आजार उतरल्यावर महिनेच्या महिने थकव्याने ग्रासले, त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात प्रतिकाराची यंत्रणा काम संपले तरी चालूच राहिलेली आढळली. प्रतिकार किती, ह्या प्रश्नाइतकाच तो केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आज त्याच्याविषयी थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे.

प्रथम आरंभीच्या दिवसांकडे पाहू. विषाणू नाकाच्या किंवा घशाच्या अस्तरातील एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी स्वतः बाधित होता होता शेजारच्या पेशींस सावध करते. ही हाकाटी करणाऱ्या द्रव्यास इंटरफेरॉन म्हणतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान ह्या दोघा शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. ही हाक ऐकताच शेजारच्या पेशी आपली दारे लावून घेतात, आणि आत शिरलेल्या विषाणूस आपल्या सामग्रीचा उपयोग करून वंशवृद्धी करता येऊ नये अशी तजवीज करतात. प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडा-दीड आठवडा लागतो. हाकाटी काही तासांत होते. ती वेळेवर झाली तर विषाणूची वाढ तेथेच खुंटते, आणि पुष्कळदा माणसास एक-दोन दिवसांच्या कणकणीपलीकडे काही कळतही नाही.

कोरोनाच्या ह्या विषाणूचे कपट असे की, तो ही हाकाटीच दाबून टाकतो. पेशीत शिरल्याबरोबर इंटरफेरॉन निर्माण होऊ नये अशी व्यवस्था त्याच्या अंगची काही प्रथिने करतात. तरुण व निरोगी माणसाच्या शरीरात तो सहसा पूर्णपणे यशस्वी होत नाही. परंतु कित्येकांच्या बाबतीत शत्रूचे काम शरीरानेच आधी करून ठेवलेले असते. २०२० साली अनेक देशांतील संशोधकांनी मिळून ९८७ अत्यवस्थ रुग्णांचे रक्त तपासले. त्यांतील १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनवर तुटून पडणारी प्रतिपिंडे निघाली, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. ज्यांस आजार सौम्य झाला होता अशा ६६३ जणांत मात्र एकाच्याही रक्तात ती सापडली नाहीत. सत्तरीनंतर अशा प्रतिपिंडांचे प्रमाण वाढत जाते, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. घरातील तरणाताठा मुलगा तीन दिवसांत उठून बसावा आणि त्याच घरातील आजोबा हातचे जावेत, ह्यामागे केवळ म्हातारपणाची अशक्तता नव्हती, तर आरंभीची हाकाटी न होणे हेही एक कारण होते.

हाकाटी झाली नाही, तर विषाणू निर्वेध वाढत श्वासनलिकेतून फुप्फुसांत उतरतो. शरीरास जाग येते ती सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास. तोवर शत्रूची संख्या अमाप झालेली असते, आणि उशिरा जागा झालेला गाव जसा अंधारात हाती लागेल ते घेऊन धावतो, तशी प्रतिकाराची सारी सेना एकदम फुप्फुसांवर धावून जाते. श्वेतपेशींची दाटी होते, दाह माजविणारी द्रव्ये रक्तात उसळतात, फुप्फुसांतील चिमुकले वायुकोश द्रवाने भरू लागतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात. ह्या वेळेपर्यंत विषाणूची वाढ पुष्कळदा उतरणीस लागलेली असते. रुग्णाचा जीव घेऊ पाहतो तो त्याच्याच शरीराने चालविलेला दाह. म्हणूनच हा आजार पहिल्या आठवड्यात फसवा वाटे. ताप उतरला, आता बरे आहे, असे घरची मंडळी म्हणत असत, आणि नवव्या-दहाव्या दिवशी माणूस धापा टाकू लागे. कित्येकांच्या तर रक्तातील प्राणवायू घसरला तरी त्यांस धाप जाणवत नसे. बोटास लावावयाच्या त्या लहानशा यंत्राचे महत्त्व लोकांस तेव्हा कळले.

जळगावच्या लोकांस हे फार कठोरपणे शिकावे लागले. मे आणि जून २०२० मध्ये ह्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते वाईट कारणाने. नोंदलेल्या रुग्णांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण येथे शेकडा दहाच्या वर गेले होते. सबंध देशात ते तेव्हा शेकडा तीनच्या आसपास होते. ह्या आकड्याचा अर्थ लावताना थोडे जपले पाहिजे. ज्या पाहणीविषयी मी आरंभी सांगितले, तिच्याच अंदाजानुसार त्या काळी देशात नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० जणांस संसर्ग झालेला होता. म्हणजे भागाकारातील खालचा आकडा सर्वत्रच अपुरा होता, आणि जेथे चाचण्या कमी तेथे तो अधिकच अपुरा. जळगावास स्वतःची प्रयोगशाळा मिळण्यापूर्वी तेथील नमुने तपासणीस धुळ्याला जात असत, आणि अहवाल येईपर्यंत दिवस मोडत. परंतु आकड्याचा हा दोष वजा केला तरी एक गोष्ट उरतेच. रुग्ण दवाखान्यात उशिरा येत होते. विलग ठेवले जाण्याचे भय, शेजाऱ्यांचा बोभाटा, कुटुंबापासून ताटातूट, ह्यांच्या धास्तीने लोक ताप अंगावर काढीत. आणि येत ते नेमके त्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा दाहाने फुप्फुसांचा ताबा घेतलेला असे. ह्या आजारात दोन दिवसांचा उशीर म्हणजे आजाराचे सारे स्वरूपच पालटणे होय, हे कोणी त्यांस समजावून सांगितले नव्हते. सांगणाऱ्यांसही ते तेव्हा नुकते कळू लागले होते.

वेळेचे हे महत्त्व एका औषधाने जितके स्वच्छ दाखविले, तितके दुसऱ्या कशानेही दाखविले नाही. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त, कोणत्याही तालुक्याच्या औषधदुकानात मिळणारे स्टेरॉईड आहे. प्रतिकाराचा जोर दाबणे हे त्याचे काम. इंग्लंडमध्ये २०२० साली सहा हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची रीतसर परीक्षा झाली. दोन हजारांवर रुग्णांस रोज सहा मिलिग्रॅम ह्या प्रमाणात अधिकाधिक दहा दिवस ते देण्यात आले. इतरांस नेहमीचेच उपचार मिळाले. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांनी शंभरांत एकेचाळीस मरत होते, त्या जागी एकोणतीस मेले. नुसता प्राणवायू लागत होता अशांत सव्वीसांचे तेवीस झाले. परंतु ज्यांस प्राणवायूची गरजच लागली नव्हती, त्यांस ह्या औषधाने काहीही लाभ झाला नाही. उलट अपाय होण्याचीच शंका दिसली. औषध तेच, मात्रा तीच. एकास जीवदान, दुसऱ्यास निष्फळ! पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूस रोखण्याच्या खटपटीत असते, तेव्हा त्याचे हात बांधणे हा अविचार होय. दुसऱ्या आठवड्यात तेच हात स्वतःचे घर पाडू लागतात, तेव्हा ते आवरणे हाच उपचार होय.

हा भेद पाळला गेला असता तर बरे झाले असते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दवाखाने भरून वाहू लागले, आणि भयाने व्याकूळ झालेल्या घरांतून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच ह्या गोळ्या घेतल्या जाऊ लागल्या. कोणी कोणाची जुनी चिठ्ठी दाखवून त्या आणल्या, कोणास सल्ला देणाऱ्यानेच घाईने लिहून दिल्या. स्टेरॉईड रक्तातील साखर वाढविते, आणि आपल्याकडे मधुमेह घरोघर. प्रतिकार दबलेला आणि साखर चढलेली, अशा देहात एरवी मातीत व कुजलेल्या पानांत निरुपद्रवी राहणारी बुरशी नाकावाटे शिरून डोळ्यांच्या खाचांपर्यंत पोहोचू लागली. म्युकरमायकोसिस हे नाव तोवर खेड्यापाड्यांत कोणी ऐकलेही नसेल. त्या उन्हाळ्यात ते लहान मुलांच्याही तोंडी झाले. जून २०२१ च्या अखेरीस देशात नोंदलेले रुग्ण चाळीस हजारांवर गेले होते. ज्यांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला अशी माणसे महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत आज आहेत. ह्या बुरशीस एकटे स्टेरॉईड कारण झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत अवेळी व अवाजवी घेतलेल्या ह्या औषधाने तिला वाट करून दिली, ह्याविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही.

आता आठवणीचा प्रश्न. प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, म्हणून कवच गळून पडले असे समजण्याचे कारण नाही. ती घडविणाऱ्या पेशींचे काही वंशज आणि बाधित पेशींस हुडकून मारणाऱ्या टी-पेशींचे काही वंशज शरीरात दीर्घकाळ टिकून राहतात. २००३ साली सार्स नावाचा ह्याच कुळातील आजार येऊन गेला होता. त्यातून वाचलेल्या सिंगापुरातील लोकांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूस ओळखणाऱ्या टी-पेशी आढळल्या. १६ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे ज्या लसी टोचल्या जाऊ लागल्या, त्यांचे मर्म हेच. खऱ्या शत्रूची गाठ पडण्यापूर्वी त्याची ओळख करून द्यावयाची, म्हणजे पहिल्या आठवड्यातील तो घातक उशीर टळतो. पुढे २०२२ च्या आरंभी ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा लस घेतलेल्यांसही ताप आला. मात्र त्यांतील फारच थोड्यांवर श्वासयंत्राची पाळी आली. कवच अभेद्य नव्हते, पण ते वेळेवर पुढे आले होते.

एवढ्यावर विषय संपता तर किती बरे होते! परंतु ह्या आजाराचा एक दुसरा अध्याय आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते.

ताप उतरतो, फुप्फुसे मोकळी होतात, तपासणीत विषाणू सापडत नाही. आणि तरी माणूस बरा होत नाही. जिना चढताना छाती धडधडते, वाचलेले डोक्यात राहत नाही, झोप होऊनही शीण जात नाही, आणि थोडे काम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून पडते. ह्या अवस्थेस 'लाँग कोविड' हे नाव दिले ते कोणा वैद्यकाने नव्हे. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो ह्या पुरातत्त्वशास्त्राच्या अभ्यासक विदुषीने, स्वतः ह्या आजाराने पीडित असताना, ते प्रथम वापरले. आधी रुग्णांनी नाव ठेवावे आणि मग वैद्यकाने ते स्वीकारावे, अशी उदाहरणे विरळाच. जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये : आजाराच्या आरंभापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, निदान दोन महिने टिकणारी, आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने उलगडा न होणारी लक्षणे. ज्यांस रुग्णालयात जावे लागले त्यांसच हे होते असे नाही. घरीच चार दिवसांत उठलेल्यांतही, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, ते आढळते.

खानदेशातील लोकांस ह्याची कल्पना देण्यास कापसाची उपमा पुरे. जिनिंगमध्ये रुईस आग लागली, बंबांनी ती विझविली, वरून धूर दिसेनासा झाला, तरी जाणता मुकादम गाठींच्या जवळून हलत नाही. घट्ट दाबलेल्या गाठीच्या पोटात निखारा दिवसेंदिवस धुमसत राहतो, हे त्यास ठाऊक असते. शरीरातील हे धुमसणे कशाचे असावे, ह्याचा शोध गेली काही वर्षे जगभर चालू आहे, आणि एकच एक उत्तर अद्याप मिळालेले नाही. बहुधा ते मिळणारही नाही, कारण ह्या एका नावाखाली दोन-चार वेगवेगळे आजार एकत्र आले असावेत असे मला वाटते.

सिडनी येथील संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्या बाबतीत फार बोलका आहे. ज्यांस आजार सौम्य अथवा मध्यम झाला होता, परंतु लक्षणे राहून गेली होती, अशांच्या रक्तात आठ महिन्यांनंतरही इंटरफेरॉनचे प्रमाण चढलेले आढळले. आरंभी ज्या हाकाटीच्या अभावी माणसे मेली, तीच हाकाटी येथे आठ महिने थांबत नव्हती. गावात चोर नाही, दिवस उजाडला आहे, आणि राखणदार अजून ओरडतोच आहे. अशा गावात कोणास झोप यावी? कदाचित चोर पुरता गेलाही नसेल. काही रुग्णांच्या आतड्यांत किंवा रक्तात विषाणूच्या प्रथिनांचे अवशेष कित्येक महिने सापडले आहेत, आणि प्रतिकार जागा राहण्यास तेवढे निमित्त पुरत असावे. झुरिक येथील एका अभ्यासात, जो २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला, रक्तातील 'पूरक' म्हणविल्या जाणाऱ्या प्रथिनांची साखळी दीर्घ आजारात नको तितकी चालू राहिलेली दिसली. ही साखळी पेशींस इजा करते आणि रक्त गोठण्याकडे कल वाढविते. कोणाच्या शरीरात बालपणापासून निद्रिस्त असलेले दुसरेच विषाणू ह्या धामधुमीत जागे झाल्याच्या खुणा मिळाल्या. कोणाच्या रक्तात स्वतःच्याच अवयवांविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. हे सर्व एकाच रुग्णात असते असे मुळीच नव्हे.

ही गोष्ट आपल्यास अगदीच अनोळखी नाही. १९७३ साली बार्शीस चिकुनगुनियाची साथ आली होती. मग तीसबत्तीस वर्षे तो आजार जणू विसरला गेला, आणि २००६ साली मालेगावासह महाराष्ट्राच्या अनेक भागांत पुन्हा उसळला. ताप आठवड्यात जाई, परंतु कित्येकांचे सांधे महिनेच्या महिने दुखत राहिले. तेथेही विषाणू निघून गेल्यावर दाह मागे राहिला होता. मात्र सुजलेला गुडघा लोकांस दिसतो, म्हणून त्या रुग्णांवर कोणी अविश्वास दाखविला नाही. थकवा दिसत नाही. नेहमीच्या रक्ततपासण्या, छातीचे चित्र, हृदयाचा आलेख, सगळे 'नॉर्मल' येते. कारण वर सांगितलेल्या गोष्टी पारखणाऱ्या चाचण्या संशोधनशाळेबाहेर होतच नाहीत, आणि दीर्घ कोविड निश्चित ओळखणारी एकही चाचणी आजमितीस उपलब्ध नाही. अहवालाचा कागद हाती आला की घरातील मंडळींचा सूर बदलतो. ज्या बाईने वीस वर्षे पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, कापूस वेचला, ती आता दुपारी आडवी होते, तर तिच्या मागे 'आळस भरला', 'मनाचे खेळ' असे शब्द कुजबुजले जातात. शहरातील सुशिक्षित घरेही ह्याला अपवाद नाहीत. तेथे फक्त 'डिप्रेशन' हा शब्द योजतात.

ह्या अविश्वासास उत्तर म्हणून ॲमस्टरडॅम येथील एका प्रयोगाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तेथे दीर्घ कोविडच्या पंचवीस रुग्णांस सायकलीच्या यंत्रावर व्यायाम करावयास लावले, आणि व्यायामापूर्वी व नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून पाहिला. व्यायामानंतर त्या स्नायूंत इजेच्या खुणा वाढलेल्या होत्या, आणि पेशींतील ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा मंदावलेली होती. २०२४ च्या जानेवारीत हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'जरा हिंडत-फिरत राहा, कामाला लागलात की अंग मोकळे होईल' हा सल्ला आपण सद्भावनेने देतो. ज्या रुग्णाचा त्रास श्रमानंतर बळावतो त्यास तो अपायकारक ठरू शकतो. केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या मजुरास किंवा जिनिंगमध्ये उभ्याने पाळी करणाऱ्या स्त्रीस विश्रांती परवडत नाही, हे मी जाणतो. परंतु परवडत नाही आणि लागत नाही ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान घरच्यांनी त्यांची गल्लत करू नये.

उपचारांविषयी फार आश्वासने देता येण्याजोगी स्थिती नाही. अवशिष्ट विषाणूच कारण असेल तर विषाणुनाशक औषधाने गुण यावा, अशा आशेने अमेरिकेत पॅक्सलोव्हिड हे औषध पंधरा दिवस देऊन पाहिले. २०२४ साली निष्कर्ष आला की लक्षणांत काही फरक पडला नाही. स्टेरॉईडने हा आजार बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाखाली विकली जाणारी चूर्णे व सरबते येथे तर तत्त्वतःच विसंगत आहेत. जो राखणदार ओरडायचा थांबत नाही, त्याचा आवाज आणखी चढवून काय साधावयाचे? लस घेतलेल्यांत हा दीर्घ आजार कमी प्रमाणात होतो, एवढे मात्र अनेक अभ्यासांत दिसले आहे. आणि धीर देणारी आणखी एक गोष्ट सिडनीहूनच आली. तेथील त्याच रुग्णांस दोन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांच्या रक्तातील बिघाड बव्हंशी निवळलेला होता, आणि अर्ध्याहून अधिक जणांस आपली प्रकृती सुधारल्याचे जाणवत होते.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ह्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. तो आपल्यात राहणार आहे, आणि त्याच्या मागून येणारा हा थकवाही अधूनमधून घरांत दिसणार आहे. असा कोणी आपल्या घरी असेल तर प्रथम दुसरी कारणे वगळून घ्यावी. आपल्या भागात रक्तक्षय, क्षय, मधुमेह आणि कंठग्रंथीचे विकार इतके आहेत की, सर्वच थकव्याचे खापर कोरोनावर फोडणे हाही अन्यायच होईल. ह्यासाठी धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगावासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाताना हाती एक साधी वही असावी. ताप कोणत्या तारखेस आला, प्राणवायू लागला की नाही, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, आणि मुख्य म्हणजे कोणत्या दिवशी किती काम केल्यावर कोणत्या दिवशी अंग पडले, हे त्यात लिहिलेले असावे. रुग्णास स्वतःस लिहिण्याचे त्राण नसेल, तर घरातील दुसऱ्या कोणीतरी रोज रात्री दोन ओळी लिहाव्या.